तुकडा सापडेपर्यंत

न्हाणीघरात नळ सुटल्याचा आवाज आला, तसं मुकादमिणीनं ब्लेडचं पातं पट्ट्याच्या टोकाशी लावलं आणि पहिला टाका कापला.

टाका सुखासुखी तुटला नाही. चार पदरी दोरा, तोही मेणात घोळलेला. चांगला टाका खमक्या बाईसारखा असतो, ओढावा तितका घट्ट बसतो. तिनं पट्टा गुडघ्यांत धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि दुसरा टाका कापला, मग तिसरा. मुलाची आंघोळ म्हणजे कावळ्याची आंघोळ. सात-आठ मिनिटं, फार नाही.

पट्टा पॅराशूटचा होता. उडी मारणाऱ्याच्या छातीवरून आणि मांड्यांखालून जातो तो. वर छत्री उघडली की माणसाचा सगळा भार त्याच्यावर येतो. छत्री हा कारखान्यातल्या बायकांचा शब्द. पॅराशूट म्हणायचे ते साहेब लोक. मुकादमिणीनं त्या सरकारी कारखान्यात तेहतीस वर्षं छत्र्या शिवल्या होत्या, त्यातली अठ्ठावीस वर्षं सहा नंबरच्या टेबलाची मुकादम म्हणून. शाळा दोन यत्तांतच सुटली, पण एकदा सोडता तिच्या अंगठ्याखालून वाकडा टाका कधी सुटला नाही, आणि तिच्या जिभेच्या तडाख्यातून वाकडा टाका घालणारी पोरही. कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली होती. ती आता मुलाच्या सरकारी बंगल्यात राहत होती, तरी दारावरचा शिपाई तिला मुकादमीणबाईच म्हणायचा.

पट्टा मुलानंच आणला होता, काल संध्याकाळी, ऑफिसच्या पिशवीतून. संरक्षण खात्याच्या खरेदी समितीचा तो सचिव. माल विकू पाहणाऱ्या कंपन्यांचे नमुने त्याच्याच ताब्यात असायचे.

"आई, जरा हात फिरव यावरून."

"तुमच्याकडे एवढ्या मशिनी, एवढे इंजिनियर. त्यांचे हात काय लग्नाला गेले?"

"फिरव म्हटलं ना."

तिनं डोळे मिटून अंगठा फिरवला. शिवणीच्या शेवटी तीन उलटे टाके होते आणि चौथा जरासा बाजूला झुकलेला. तिथं अंगठा थांबला.

"चांगलाय," ती म्हणाली.

"हो ना?" तो म्हणाला, आणि त्यानं सोडलेला श्वास तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. माल चांगला असणं ही एवढी हायसं वाटण्यासारखी बातमी कशी असेल, हेच तिला सकाळपर्यंत टोचत राहिलं.

अकरावा टाका तुटला आणि पट्ट्याची घडी उकलली. आत, कंपनीच्या नव्याकोऱ्या चिठ्ठीच्या बरोबर मागं, हिरवा दोरा होता. त्याला गाठी होत्या. तिनं त्या नखानं मोजल्या. सहा. सहावीच्या पुढं एक मोकळा फास.

हा दोरा कारखान्याच्या कुठल्याच कागदावर नव्हता. तो बायकांचा होता. प्रत्येक टेबलानं घडी मिटण्याआधी आत आपल्या नंबराएवढ्या गाठी ठेवायच्या, म्हणजे काही झालंच तर एकीचं पाप दुसरीच्या माथी जायला नको. आणि मोकळा फास फक्त मुकादमीण ठेवायची. सहा नंबरच्या टेबलाला तिच्याशिवाय दुसरी मुकादम कधी झालीच नव्हती.

ती पट्ट्याकडे बघत राहिली. हात तिचेच होते. आधी छाती फुगली, ती ज्याच्यापासून लपवावी असं तिथं कुणी नव्हतं. मग तिनं कंपनीची चिठ्ठी उलटून पाहिली.

न्हाणीघराचं दार वाजलं. मुलगा खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला आणि जागच्या जागी थांबला.

"काय केलंस हे?"

"बस."

"आई, त्याच्यावर प्रयोगशाळेचा शिक्का आहे. तोच एक नमुना आहे. अकराला समिती आहे, एकला मंत्रिमंडळ. चार वाजता निवडणूक जाहीर झाली की नव्या खरेदीला बंदी. कळतंय का तुला?"

"सगळं कळतं. आता मी विचारते, ते तुला कळतं का बघ. ही कंपनी म्हणते हा पट्टा तिनं शिवला. कुठं शिवला?"

त्यानं केस पुसले. कोरडे झालेले केस पुन्हा पुसले.

"त्यांची शेड उभी राहतेय."

"राहतेय. म्हणजे अजून भिंतीच आहेत. मग हा माझ्या हातचा पट्टा त्यांच्या चिठ्ठीखाली काय करतोय? सासरी आला का नांदायला?"

तो पलंगाच्या कडेवर टेकला. हिरव्या दोऱ्याकडे त्यानं एकदाच पाहिलं. त्याला गाठी मोजाव्या लागल्या नाहीत. शाळेतून आल्यावर आईच्या टेबलाखाली बसून तो त्या गाठींवर तर आकडे शिकला होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"संशय होता."

"म्हणून माझ्याकडे आणलास. आई चांगला म्हणाली की तुझं ओझं उतरलं."

 बाहेर गाडीचं दार लागलं, शिपायानं बूट आपटले आणि घंटी वाजली.

जनरल आत आला तो घरच्यासारखा. लष्करातून निवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली होती. निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात तो याच कंपनीचा सल्लागार झाला, आणि तेव्हापासून या बंगल्यात त्याची ये-जा होती. मागच्या महिन्यात तो एक जाड फाईल घेऊन आला होता. चहा मुकादमिणीनंच नेऊन दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा त्याच फाईलमधून खरेदीच्या अटी सरकारी कागदावर उतरवून काढत बसला होता. तिला वाचता येत नसेल फारसं, पण एक कागद बघून दुसरा लिहिणारा माणूस कसा बसतो, हे ओळखायला शाळा लागत नाही.

"आई, नमस्कार. तुमच्या लेकाला न्यायला आलोय, एकाच गाडीनं..." त्याची नजर तिच्या मांडीवर गेली आणि वाक्य तिथंच राहिलं.



"हे कुणी केलं?"

"जिनं शिवलं तिनंच उसवलं."

जनरलनं मुलाकडे पाहिलं. मुलगा शर्टाची बटणं लावत होता आणि एका बटणाशी बराच वेळ अडकला होता. जनरल सावकाश खुर्चीत बसला. माणूस लढाईतून आलेला, तोंडावरची रेषही हलू दिली नाही.

"तर मग काळजीच नको," तो म्हणाला. "माल अस्सल आहे, हे तुमच्याइतकं कोण सांगणार? बंद कारखान्याचा साठा लिलावात निघाला होता. आम्ही रीतसर घेतला. चोरी नाही केली, आई."

"साठ्यात असे पट्टे किती होते?"

"होते थोडे."

"थोडे म्हणजे दाखवण्यापुरते. मुलगी दाखवायची थोरली आणि बोहल्यावर उभी करायची धाकटी."

"ऑर्डर मिळाली की यंत्रं येतील. सहा महिन्यांत पहिली खेप."

"सहा महिन्यांत तर पोरींना सुईत दोरा ओवायला येत नाही. आणि त्या पहिल्या खेपेत विमानातून उडी कोण मारणार? तुम्ही?"

जनरल हसला. हसताना त्यानं घड्याळ पाहिलं. सव्वानऊ.

"साहेब," मुकादमीण म्हणाली, "तुम्ही कॅप्टन होतात तेव्हाचं आठवतं का? माल तपासायला यायचात. एका वाकड्या टाक्यासाठी माझ्या चाळीस छत्र्या परत केल्या होत्यात."

"आठवतं. तुम्ही मला शिव्या दिल्या होत्या."

"तोंडावर दिल्या. पण घरी येऊन ह्याला म्हटलं, माणूस असावा तर असा. ह्यानं तेव्हाच ठरवलं, मोठं होऊन सरकारात जायचं." तिनं पट्टा उचलून दाखवला. "आज परत करायची वेळ आली, तर तुम्ही उलट्या बाजूला बसलात."

"काळ बदलतो, आई."

"काळाला कशाला बोल लावता? खुर्ची तुम्ही बदललीत."

मुलगा म्हणाला, "आई, पुरे."

"राहू द्या," जनरल म्हणाला. त्यानं खुर्ची पुढं ओढली. आवाज खाली आणला, आणि त्यातला साहेबीपणा काढून घेतला. "ऐका माझं. शेड मंत्रीसाहेबांच्या मतदारसंघात आहे. दोन हजार बायकांना काम मिळणार आहे. कारखाना बंद झाला तेव्हा रस्त्यावर आल्या त्या तुमच्याच बायका होत्या ना? त्यांच्या लेकी-सुना आहेत या. त्यांना शिकवायला कुणी तरी लागेल. यंत्र विकत मिळतं, मुकादम मिळत नाही. सहा नंबरचं टेबल पुन्हा मांडू. तुम्ही नुसतं उभं राहायचं आणि ओरडायचं."

मुकादमिणीची पाठ तिच्या नकळत ताठ झाली. क्षणभर तिला लांबलचक टेबल दिसलं, दोन्ही बाजूंनी वाकलेल्या माना, मेणाचा वास, आणि तिच्या चपलांचा आवाज आला की एकदम थांबणारी कुजबुज. नऊ वर्षांत तिला ओरडायला एक सून आणि एक शिपाई, एवढेच मिळाले होते.

जनरलला ती पाठ दिसली. तो मागं टेकून बसला.

पण त्या टेबलाच्या टोकाला तिला आणखी एक पोर दिसली. नवीच लागलेली, एकोणीस-वीस वर्षांची. तिची सुई मोडली होती, टोक पट्ट्याच्या घडीत राहिलं होतं, आणि मुकादमिणीच्या तोंडाला घाबरून ती बोललीच नाही. दुसरी सुई घेऊन शिवण पुरी केली. त्या पोलादाच्या टोकानं आतून पट्टा कुरतडला. उडी मारणारा एकवीस वर्षांचा होता. पंधरवड्यानं त्याची आई कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, ज्या हातांनी शिवलं ते हात दाखवा. साहेबांनी तिला परत पाठवलं. पोरीला कामावरून काढलं. मुकादमिणीला कुणी काही विचारलं नाही, आणि म्हणूनच ते तिच्या अंगावरून कधी उतरलं नाही.

त्यानंतर तिनं आपल्या टेबलावर नियम केला, तो पुढं सगळ्या कारखान्यानं घेतला. सुई मोडली की हात वर. तुकडा सापडेपर्यंत काम बंद. मोठा साहेब समोर उभा असो, नाहीतर बाहेर ट्रक उभा असो. तुकडा वहीत चिकटवायचा, तेव्हा नवी सुई मिळायची. आणि सुई मोडली म्हणून कुणी कुणाला बोलायचं नाही, तिनंसुद्धा.

टेबलावरचा फोन वाजला. मुलानं नंबर पाहिला आणि उभा राहिला. समोर माणूस नव्हता, तरी उभा राहिला.

"हो साहेब... आहे साहेब... निघालोच."

फोन ठेवल्यावर त्यानं जनरलकडे पाहिलं नाही. जनरलनंही कुणाचा फोन म्हणून विचारलं नाही.

"आई, शिवून दे," मुलगा म्हणाला.

"काय?"

"आहे तसं. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. हिरवा दोरा काढ आणि घडी मिट."

"नमुना पास म्हणून सही नाही केलीस तर काय होईल?"

"दुपारच्या आत बदली. माझ्या जागी येणाऱ्याचं नाव ठरलेलं आहे. त्याला नमुना उघडून बघायची सवय नाही."

"आणि केलीस तर?"

त्यानं मनगटावर घड्याळ बांधलं. त्याचा पट्टा एका भोकात बसेना, म्हणून दुसऱ्यात घातला. उत्तर जनरलनं दिलं.

"आठ महिन्यांनी त्यांची वीस वर्षं भरतात, स्वेच्छानिवृत्ती घेता येते. एवढा अनुभव वाया का घालवायचा? आमच्याकडे जागा आहे."

"तुमच्या शेजारची खुर्ची." ती मुलाकडे वळली. "कारखाना बंद करायची टिपणी तूच लिहिलीस. तेव्हा विचारलं तर म्हणालास, मी नाही लिहिली तर दुसरा लिहील. मी दोन महिने तुझ्याशी बोलले नाही. मग बोलायला लागले, कारण आई आहे. आज पुन्हा तेच म्हणतोयस."

"कारण ते आजही खरंच आहे."

"मग कुंपण कशाला घालतात रे शेताला? तेच खाणार असेल तर?"

मुलाचे डोळे लाल झाले होते. ते साबणानं असतील, असं तिनं धरून चाललं.

"आई," तो म्हणाला, "मी दमलोय."

हे तो साहेब होण्याआधीच्या आवाजात म्हणाला. तिनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुढं केला.

"डबा दे माझा. कपाटात, वरच्या फळीवर."

जनरलनं श्वास सोडला. मुलानं पत्र्याचा डबा आणून दिला. त्यात मेणाचा गोळा होता, दोऱ्याची गुंडी, तळहाताला बांधायचा चामड्याचा तुकडा आणि एकच जाड सुई. बाकीच्या सुया कारखान्यात जमा केल्या होत्या. ही तिनं निरोपाच्या दिवशी पदरात लपवून आणली होती. आयुष्यातली एकमेव चोरी.

"दोनदा तपासणी आहे," जनरल मुलाला सांगत होता. "आत जाताना नमुना एक्स-रेखालून जाईल. दोऱ्याचं काही नाही, दोरा त्यात दिसत नाही. मग टेबलावर. पंधरा मिनिटांचं काम."

मुकादमिणीनं दोरा मेणावरून ओढला. हिरवा दोरा काढला नाही, नुसता आत ढकलला.  तिनं जुन्या भोकांतूनच सुई घातली. पहिला टाका बसला, दुसरा बसला. हात असे चालत होते, जणू मधली नऊ वर्षं कुणी कापून टाकलीत. जनरल पुढं झुकून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला बोला, कौतुक होतं.

तिसऱ्या टाक्याला तिनं सुई तिरकी धरली आणि अंगठ्याचा सगळा जोर दिला.

ज्या चुकीसाठी तिनं शंभर पोरींना फटकारलं होतं, ती चूक. नवखी बाई पहिल्या आठवड्यात करते ती.

कट्, असा बारीक आवाज झाला. तिच्या उजव्या हातात सुईचं नेढं राहिलं, दोरा ओवलेलं. टोक नव्हतं.

तिनं उजवा हात वर केला, डोक्याच्या वर, सरळ.

"हे काय?" जनरल म्हणाला.

"सुई मोडली."

"मग दुसरी घ्या."

"दुसरी नाही. आणि असती तरी घेतली नसती. टोक कुठं गेलं?"

जनरल उठला. त्यानं पट्टा तिच्या मांडीवरून घेतला, झटकला, उजेडात धरला, घडीत बोट घातलं. मोडक्या सुईचं टोक बोटानं सापडत नसतं. हे त्याला एकेकाळी चांगलं माहीत होतं.

"आत असेल तर एक्स-रेत दिसेल," तो म्हणाला. हे तो कुणाला सांगत होता कोण जाणे. "आत नसेल तर चालेल. तुम्हाला काय वाटतं, आत आहे का?"

"मला काय वाटतं त्याला काय किंमत. शोधावं लागेल."

"लोहचुंबक आहे का घरात?"

"कारखान्यात होता मोठा," मुकादमीण म्हणाली. "लिलावात गेला."

जनरल मुलाकडे वळला. "सचिवसाहेब, पावणेदहा झालेत. रस्ता चाळीस मिनिटांचा आहे. पट्टा आहे तसा घेऊ. वाटेत कुणाकडून तरी शिवून..."

मुलगा त्याच्याकडे बघत नव्हता. तो आईकडे बघत होता. तिचा उजवा हात अजून वर होता. डावा मांडीवर होता, मूठ मिटलेली. शिवणारी बाई मोकळा हात कधी मिटून ठेवत नाही. टेबलाखाली बसून त्यानं वर्षानुवर्षं ते हात खालून पाहिले होते.

एक टाका घालायला लागतो, तेवढाच वेळ त्यानं त्या मुठीकडे पाहिलं.

मग त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. इस्त्रीच्या पँटची घडी मोडत तो गुडघ्यांवर बसला आणि तळहातांनी फरशी चाचपू लागला. सुरुवात त्यानं खोलीच्या पार दुसऱ्या टोकापासून केली, कपाटाखालून.

"हे काय चाललंय?" जनरल म्हणाला.

"तुकडा सापडेपर्यंत काम बंद," मुलगा कपाटाखालून म्हणाला. "नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"तुम्हीच सही करून सगळ्या कारखान्याला लावला होतात, साहेब. कॅप्टन असताना."

जनरलनं पट्टा टेबलावर ठेवला. मग त्यानं कोट काढून खुर्चीवर टाकला, मोबाइलचा दिवा लावला आणि तोही खाली वाकला. त्याचे गुडघे मोठ्यानं वाजले. दोन मोठी माणसं फरशीवर रांगत होती, एक पलंगाखाली आणि एक कपाटाखाली.

टेबलावरचा फोन पुन्हा वाजू लागला. कुणी उचलला नाही. वाजून वाजून तो थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला. बाहेर ड्रायव्हरनं गाडी सुरू करून ठेवली होती.

"कपाट सरकवावं लागेल," मुलगा म्हणाला. "जड आहे. आधी रिकामं करू."

मुकादमिणीनं वर धरलेला हात आता खाली घेतला. डाव्या मुठीत काही तरी टोचत होतं, ओलसर लागत होतं. तिनं ती पदराखाली नेली.

"सावकाश," ती म्हणाली. "घाईत सापडत नाही ते."